आकाशातले गायरान

२०२२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारने पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेसाठी रेडिओलहरींचा लिलाव पुकारला. सात दिवस बोली चालली आणि १ ऑगस्टला ती थांबली तेव्हा एकूण आकडा दीड लाख कोटी रुपयांच्या थोडा पुढे गेला होता. ज्या वस्तूला रंग नाही, वजन नाही, जी खणून काढावी लागत नाही आणि वापरल्याने झिजतही नाही, तिला एवढी किंमत यावी याचे एके काळी नवल वाटले असते. आज वाटत नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितले. ती मर्जीतल्यांना वाटून टाकण्याची वस्तू नव्हे, हे २०१२ साली १२२ परवाने रद्द करताना बजावले. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हाच लहरीवाटपाचा राजमार्ग ठरवून बाकीचे मार्ग एका अनुसूचीत अपवाद म्हणून मांडले. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला यात समाधानच वाटावयास हवे. दुर्मीळ वस्तूला किंमत असली पाहिजे, हे तर तो पहिल्याच आठवड्यात वर्गात शिकवीत असतो.

तरीही या विक्रीयोग्य आकाशाच्या सातबाऱ्यावर काही अरुंद पट्टे असे आहेत की ज्यांच्यापुढे कोणा मालकाचे नाव नाही. ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्‌झ हा त्यांपैकी एक. १४,००० ते १४,३५० हा दुसरा. असे आणखीही काही वर-खाली विखुरलेले. हे पट्टे आंतरराष्ट्रीय करारान्वये ‘हौशी सेवे’साठी राखून ठेवलेले आहेत. सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन ज्याने परवाना व स्वतःचे संकेतनाम मिळविले आहे, त्याने घरच्या खोलीत बसून, स्वतः जोडलेल्या किंवा विकत आणलेल्या यंत्रावरून, जगातील कोणाही दुसऱ्या परवानाधारक हौशी माणसाशी बोलावे. मात्र व्यापारी निरोप पाठवू नये, मोबदला घेऊ नये, गाणी लावू नयेत, आणि इतरांना कळणार नाही अशा गुप्त लिपीत बोलू नये. या मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. त्यांचे क्लब आहेत, स्पर्धा आहेत, भेट झाल्याची खूण म्हणून एकमेकांस टपालाने पाठवावयाची कार्डे आहेत.

आता प्रश्न असा की हौस कितीही चांगली असली तरी तिच्यासाठी सार्वजनिक मालमत्ता राखून का ठेवावी? तिकिटे जमविणाऱ्यास सरकार तिजोरीतून तिकिटे देत नाही; पतंग उडविणाऱ्यास मैदान दिले तरी ते संध्याकाळपुरते. मग या लोकांनाच आकाशाचा तुकडा जवळजवळ फुकट का? हा प्रश्न खवचटपणाने विचारलेला असला तरी गैरलागू नाही. त्याचे उत्तर हॅम मंडळी बहुधा ‘आपत्तीत आम्ही उपयोगी पडतो’ एवढ्या एका वाक्यात देतात. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि त्यावरच सगळी भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्या गावगाड्यात गायरान असे. त्यावर कोणाचे पीक नसे, त्याचा सारा कोणी भरत नसे, म्हणून ‘पडीक’ अशी त्याची नोंद होई. ते खरोखर पडीक नव्हते, हे ज्यांच्या दारात एखादी शेळी असे त्यांना पक्के ठाऊक होते. हौशी रेडिओचा इतिहास म्हणजे अशाच एका गायरानाची गोष्ट आहे. फरक एवढाच की ही जमीन मुळात टाकाऊ म्हणून हौशींच्या पदरात घातली गेली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेशवहनाचे सगळे व्यापारी शास्त्र लांब लहरींवर उभे होते. लहर जितकी लांब आणि यंत्र जितके अवाढव्य, तितका संदेश दूर पोहोचतो, असा त्या काळच्या तज्ज्ञांचा सिद्धान्त होता. अमेरिकेत पोरासोरांनी घरोघर ठिणगीयंत्रे उभारून आरमाराच्या आणि जहाज कंपन्यांच्या संदेशांत गोंधळ माजविला होता. त्यातच १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने रेडिओ कायदा केला. या कायद्याने खाजगी हौशींना दोनशे मीटर व त्याहून आखूड लहरींत ढकलले. तेथे त्यांनी काय वाटेल ते करावे. फार तर शेजारच्या गावापर्यंत त्यांचा आवाज जाईल आणि हा उपद्रव आपोआप मरेल, असा हिशेब होता.

उपद्रव मेला नाही. महायुद्धात काही काळ बंदी आली, ती उठली, आणि १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकन हौशी संघटनेने पॉल गॉडली नावाचा आपला एक जाणता सभासद आगबोटीने स्कॉटलंडला पाठविला. आर्ड्रॉसन गावाजवळ समुद्रकाठी, ऐन हिवाळ्यात, तंबू ठोकून तो रात्रीमागून रात्री कानाला यंत्र लावून बसला, आणि अटलांटिकपलीकडची पंचवीसहून अधिक हौशी केंद्रे त्याने ऐकली. दोन वर्षांनी, १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये, फ्रान्समधील नीसचा लेऑं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरीवर महासागर ओलांडून दुतर्फा संभाषण केले. जी लहर गावाच्या वेशीबाहेर जाणार नाही असे तज्ज्ञ म्हणत होते, ती थोडक्या शक्तीवर खंड ओलांडून गेली. कारण असे की पृथ्वीभोवतीच्या आयनांबरावरून ती परावर्तित होते. आकाशाचे छत तिला परत जमिनीकडे धाडते, आणि अशा टप्प्याटप्प्याने ती जग हिंडते. लांब लहरींसाठी मैलमैल लांबीच्या तारा आणि कारखान्याएवढी विद्युत्‌शक्ती लागत होती. येथे एका खोलीतली सामग्री पुरेशी होती.

त्यानंतर काय झाले असेल ते सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. पडीक जमिनीखाली सोने आहे असे दिसताच सर्वांची पावले तिकडे वळली. मार्कोनीचेही आखूड लहरींचे प्रयोग या सुमारास चालू होते. त्याच्या कंपनीने लहर एकाच दिशेस झोतासारखी फेकणारी ‘बीम’ पद्धत सिद्ध केली आणि ब्रिटिश साम्राज्याची गावे तिने एकमेकांस जोडली. या जाळ्याचे हिंदुस्थानातील टोक आपल्या पुणे जिल्ह्यात होते. संदेश पाठविण्याचे केंद्र खडकीस आणि घेण्याचे दौंडास. १९२७ मध्ये ही सेवा सुरू झाली. समुद्रतळाशी टाकलेल्या तारांच्या मालक कंपन्यांना ही स्पर्धा इतकी जाचक झाली की दोन वर्षांच्या आत, १९२९ साली, तारा आणि बिनतारी यांचा एकत्र संसार थाटून द्यावा लागला. त्यातूनच पुढे केबल अँड वायरलेस ही कंपनी झाली. दौंडचे नाव आज आगगाडी बदलण्याच्या संदर्भात घेणाऱ्या किती जणांना हा पूर्वेतिहास ठाऊक असेल?

आणि ज्यांनी ही जमीन कसून दाखविली त्यांचे काय? १९२७ च्याच वॉशिंग्टन परिषदेत राष्ट्रांनी सगळा आखूड लहरींचा प्रदेश आपसात वाटून घेतला, आणि पूर्वी जेथे हौशींचे मोकळे रान होते तेथे त्यांना काही अरुंद पट्टे राखून दिले. म्हणजे हे पट्टे ही सरकारांनी हौसेला दिलेली देणगी आहे, असे समजण्याचे कारण नाही. मूळ कुळाला मोठ्या क्षेत्रातून काढून परसातील चार गुंठे त्याच्या नावे राहू दिले, इतकेच ते औदार्य.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या प्रश्नाला दोन-तीन वाटा आहेत. रोनाल्ड कोस यांनी १९५९ साली अमेरिकन दळणवळण आयोगावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात लहरी सरळ विकाव्यात, म्हणजे ज्याला त्यांचा सर्वाधिक उपयोग आहे त्याच्याकडे त्या जातील, असा विचार मांडला. त्या वेळी तो अनेकांना विक्षिप्त वाटला. १९९४ पासून अमेरिकेने तोच अमलात आणला आणि आपणही त्याच वाटेने आलो. कोस यांच्या युक्तिवादात खोट काढणे सोपे नाही. पण त्यात एक गृहीत आहे: लहरीचा उपयोग काय हे बोली लावणाऱ्यास आधी ठाऊक असले पाहिजे. १९१२ साली दोनशे मीटरखालच्या लहरींचा लिलाव झाला असता तर त्यावर कोणी दमडीची बोली लावली नसती. आणि कोणा धोरणी धनिकाने घेऊन त्या कुलपात ठेवल्या असत्या तर त्यांचा गुण कळण्यास आणखी किती वर्षे गेली असती हे सांगता येत नाही. ज्याची किंमत अजून कोणासच माहीत नाही त्याची किंमत शोधून काढण्याचे काम बाजार करीत नाही असे नाही. परंतु ते काम फुकट, रात्री जागून, घरच्यांची बोलणी खात करणारा एक वर्ग समाजात असेल तर बाजाराचे ते काम फार स्वस्तात होते.

दुसरी वाट जेम्स ब्यूकॅनन यांच्या १९६५ च्या ‘क्लब’विषयक सिद्धान्ताची. पोहण्याचा तलाव सभासदांनी मिळून बांधावा, मिळून वापरावा, बाहेरच्यास येऊ देऊ नये. रेडिओ क्लब दिसावयास असाच दिसतो; गच्चीवरची अँटेना सामाईक, मोजणीची यंत्रे सामाईक, जुन्या सभासदाने नव्याला शिकवावे हा रिवाज सामाईक. पण तलावाचे पाणी तलावात राहते. या क्लबांतून जे पाझरते ते मात्र भिंतीबाहेर फार दूर जाते. आणि हार्डिन यांनी १९६८ मध्ये सांगितलेली सामाईक कुरणाच्या नाशाची गोष्टही येथे लागू पडत नाही. हौशींच्या पट्ट्यावर चौकीदार नाही. तरी कोणत्या भागात मोर्स चालवावयाचा, कोणत्या भागात बोलावयाचे, दुर्बळ संकेतांसाठी कोणता कोपरा मोकळा सोडावयाचा, हे त्यांच्या संघटनांनी आपसात ठरविलेले आहे आणि ते बहुतांशी पाळले जाते. आधी ऐकावे, मग बोलावे, हा त्यांचा पहिला नियम. (हा नियम आमच्या प्राध्यापक सभांस लावता आला असता तर किती बरे झाले असते!) एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात सामाईक जमीन-पाणी स्वतःच्या नियमांनी शतकानुशतके सांभाळणाऱ्या गावांची उदाहरणे दिली आहेत. त्या यादीत आकाशातील हे गायरान सहज बसते.

भिंतीबाहेर काय पाझरते ते पाहू. १९३७ साली अमेरिकेतील व्हीटन गावात ग्रोट रेबर या हौशी रेडिओवाल्या तरुण अभियंत्याने स्वखर्चाने घराच्या परसात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची पत्र्याची तबकडी उभी केली. कार्ल यान्स्की यांना आकाशगंगेकडून रेडिओलहरी येत असल्याचे काही वर्षांपूर्वी आढळले होते, परंतु व्यावसायिक ज्योतिर्विदांना त्याचे सोयरसुतक नव्हते. रेबरचे पहिले दोन प्रयत्न फसले, तिसरा साधला आणि त्याने रेडिओलहरींत दिसणाऱ्या आकाशाचा पहिला नकाशा काढला. जवळजवळ दशकभर साऱ्या जगात तो एकटाच रेडिओज्योतिषी होता. आज या शास्त्राचे एक मोठे पीठ आपल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे आहे. तेथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. स्वरूपांची या देशातील पहिली दुर्बीण ऑस्ट्रेलियाने वापरून बाजूला ठेवलेल्या बत्तीस लहान तबकड्यांची होती आणि १९६५ साली ती उभी राहिली ती कल्याणला. वापरलेल्या सामानातून विज्ञान उभे करण्याची ही वृत्ती आणि रेबरची परसातली वृत्ती एकाच कुळातली म्हटली पाहिजे.

शिक्षकवर्गाने विशेष ध्यानात ठेवावे असे उदाहरण इंग्लंडच्या केटरिंग गावचे आहे. सोव्हिएत रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक सोडला, तेव्हा त्याचे संकेत जगातील हौशी लोकांना सहज ऐकू यावेत अशाच लहरी मुद्दाम निवडल्या होत्या. आपल्या विजयाचा साक्षीदार म्हणून रशियाला दुसऱ्यांच्या सरकारी प्रयोगशाळांपेक्षा हे लोक अधिक सोयीचे वाटले. केटरिंगच्या ग्रामर स्कूलमधील पदार्थविज्ञानाचे शिक्षक जेफ्री पेरी यांनी एक साधा रेडिओ घेऊन विद्यार्थ्यांकडून रशियन उपग्रहांचे संकेत टिपून घेण्यास सुरुवात केली. हेतू एवढाच की आगगाडी जवळ येताना व दूर जाताना शिट्टीचा स्वर जसा बदलतो तसा उपग्रहाच्या संकेताचा बदलतो, हे मुलांना फळ्यावर न शिकविता कानांनी कळावे. मुले वेळा नोंदवीत, कक्षा मोजीत, वह्या भरीत. १९६६ साली कॉसमॉस ११२ हा उपग्रह गेला आणि त्याच्या कक्षेचा कल नेहमीसारखा नाही, हे या वह्यांत दिसून आले. तो बैकानूरच्या माहीत असलेल्या तळावरून उडालेला नव्हता. निरनिराळ्या कलाच्या कक्षा उड्डाणाच्या वेळेपर्यंत मागे मोजीत नेल्या, तेव्हा त्या रशियाच्या उत्तरेस एका ठिकाणी एकमेकींस छेदू लागल्या. ते ठिकाण प्लेसेत्स्क. अमेरिकेच्या हेरखात्यास या तळाची माहिती होती, पण तिने ती जगाला सांगितलेली नव्हती. आणि सोव्हिएत सरकारने त्याचे अस्तित्व कबूल केले ते १९८३ साली, म्हणजे शाळकरी मुलांनी नकाशावर बोट ठेवल्यानंतर सतरा वर्षांनी!

ही झाली ज्ञानाची बाजू. उद्योगाची बाजू तितकीच ठळक आहे. आज सिलिकॉन व्हॅली म्हणून मिरविणाऱ्या भागात १९३४ साली बिल आइटेल आणि जॅक मॅककलो या दोन हौशी रेडिओवाल्यांनी प्रक्षेपकांचे व्हॉल्व्ह बनविण्याचा कारखाना काढला, कारण बाजारात मिळणारे व्हॉल्व्ह त्यांना हव्या त्या आखूड लहरींवर टिकत नसत. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी त्यांच्याच मालाला मागणी आली. त्या खोऱ्यात गॅरेज आणि उद्योग यांची सोयरीक संगणकाच्या कितीतरी आधी जुळलेली होती. जपानने तर हे जाणूनबुजून केले असे वाटावे इतक्या उदारपणे परवाने दिले. १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथे साडेतेरा लाखांच्या घरात हौशी केंद्रे होती. याएसू आणि आयकॉम या कंपन्या या गिऱ्हाइकांसाठी यंत्रे बनवीतच वाढल्या.

आपल्याकडे काय झाले? सुरुवात उशिरा झाली असे म्हणता येणार नाही. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे १९२१ साली देशातील पहिले हौशी प्रसारक झाले, म्हणजे गॉडलीचा तंबू आर्ड्रॉसनला पडला त्याच वर्षी. पण परक्या सरकारच्या दृष्टीने बिनतारी यंत्र बाळगणारा नागरिक हा बंदूक बाळगणाऱ्याचा धाकटा भाऊ होता. १९३९ साली युद्ध सुरू होताच परवाने रद्द झाले, यंत्रे जमा करण्याचा हुकूम निघाला. सरकारची भीती अनाठायी नव्हती, हे मुंबईनेच दाखवून दिले. १९४२ च्या ऑगस्टअखेर, पुढारी तुरुंगात असताना, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेला काँग्रेस रेडिओ बोलू लागला. नरिमन प्रिंटर या पूर्वाश्रमीच्या हौशी प्रसारकाच्या हातांनी त्याचा प्रक्षेपक उभा राहिला होता. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टिकला. शेवटी पोलिसांना ठिकाणाची वार्ता मिळाली ती याच तंत्रज्ञाकडून, हा त्या कथेचा कडू भाग. उषाताईंनी येरवड्यात शिक्षा भोगली आणि पुढे मुंबईत राज्यशास्त्राचे अध्यापन केले.

स्वराज्य आले तरी संशयाची सवय कार्यालयांतून गेली नाही. साधा रेडिओ ऐकण्यासाठीही टपालकचेरीत वार्षिक शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावा लागे, आणि ही रीत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती, हे आमच्या पिढीतील अनेकांच्या घरच्या कपाटांतील त्या पुस्तिका सांगतील. मग स्वतः प्रक्षेपण करू इच्छिणाऱ्याची पोलीस चौकशी व्हावी, त्याचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरावा, यात नवल नव्हते. त्यावर परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरील जबर जकात. परदेशी बनावटीचा संच मध्यमवर्गीयाच्या स्वप्नातही येत नसे. मुंबईचा चोरबाजार व लॅमिंग्टन रोड, पुण्याचा जुना बाजार येथे लष्कराने मोडीत काढलेल्या मालातून व्हॉल्व्ह, गुंडाळ्या आणि धारित्रे वेचून संच जोडावा लागे. १९८४ मध्ये या यंत्रसामग्रीवरील आयातजकात माफ झाली. राजीव गांधी स्वतः परवानाधारक हॅम होते, याचा त्या निर्णयाशी संबंध होताच. त्यानंतर सभासदसंख्या वाढली, आणि हात काळे करून संच जोडणाऱ्यांचे प्रमाण घटले.

यावरून टंचाई हीच कल्पकतेची जननी असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. टंचाईने आपल्याला जुगाड शिकविला. मुबलक आणि स्वस्त सुट्या भागांनी जपानला उद्योग दिले. हा फरक ‘बिटेक्स’ नावाच्या संचाच्या कथेत चांगला दिसतो. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००३ च्या सुमारास सहज मिळणाऱ्या भागांतून जोडता येईल असा एक छोटा संच आखला. त्यातील गुंडाळ्यांसाठी लागणारी खास वलये आपल्याकडे मिळेनात, म्हणून त्यांनी नळाला लावतात ते वायसर वापरले. वायसरची गोष्ट सांगून टाळ्या मिळतात. पण तो संच जगभर गेला तो नंतर. त्याची सुधारलेली आवृत्ती तयार पट्टिकांच्या रूपाने, योग्य भागांनिशी, अल्प किमतीत हैदराबादेतून बाहेर पडू लागली तेव्हा. आराखडा सर्वांना खुला ठेवल्यामुळे कोणीही त्यात सुधारणा करावी आणि ती परत सर्वांना सांगावी, हा क्रम चालू राहिला. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञानशोधिकेतून अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या आणि जुन्या पेनांतून केलेली खेळणी व शेकडो पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य ठेवली, त्यामागेही हाच विचार आहे. हौशी विज्ञानाची अशी संकेतस्थळे म्हणजे जुन्या क्लबांच्या पडव्याच. फक्त त्यांना गावाची मर्यादा उरलेली नाही.

आता आपत्तीच्या प्रश्नाकडे येतो. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद अंदमानात गेल्या होत्या त्या निव्वळ हौसेसाठी. १९८७ नंतर त्या बेटांवरून हौशी प्रक्षेपण झालेले नव्हते, म्हणून जगभरचे छांदिष्ट त्या संकेतासाठी ताटकळले होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागून समुद्र आला, दूरध्वनी गेले. जो संच युरोप-जपानच्या हौशींशी दोन शब्द बोलण्यासाठी मांडला होता, त्यावरून पोर्ट ब्लेअर आणि मुख्य भूमी यांच्यामधील निरोप जाऊ लागले. तिच्या चमूतील माणसे पुढे कार निकोबारलाही गेली. २००१ च्या भूज भूकंपानंतरही हॅम मंडळींनी तेथे केंद्रे चालविली होती. पश्चिम बंगालचा रेडिओ क्लब गंगासागरच्या यात्रेत हरवलेल्या माणसांना घरच्यांच्या हवाली करण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आला आहे. त्यात भाषा न समजणारी, विसरभोळी झालेली म्हातारी माणसे पुष्कळ असतात.

हे सगळे मोलाचे आहे. पण उपग्रहावरून चालणारे दूरध्वनी आज आपत्ती निवारण दलांकडे आहेत, उद्या ते साध्या मोबाइलमध्ये येतील. ज्या दिवशी ते येतील त्या दिवशी ‘आम्ही आपत्तीत लागतो’ या एकाच खांबावर उभा केलेला मांडव कोसळेल. अंदमानात उपयोगी पडली ती यंत्रापेक्षाही तेथे असलेली माणसे, ज्यांना वीज नसताना बॅटरीवर संच चालविता येत होता, तुटलेली तार जोडता येत होती, कर्कश खरखरीतून चार शब्द वेचण्याचा कानाला सराव होता. हा सराव आपत्तीच्या दिवशी शिकविता येत नाही. तो बिनकामाच्या हजार रात्रींतूनच होतो, आणि त्या हजार रात्रींसाठी जागा लागते.

ती जागा आज दोन बाजूंनी आकसते आहे. लिलावाची भीती हॅम मंडळी बोलून दाखवितात. निदान आखूड लहरींच्या बाबतीत ती तूर्त फारशी खरी नाही, कारण त्या लहरी मोबाइल कंपन्यांच्या कामाच्या नाहीत. खरे अतिक्रमण आवाजाचे आहे. घरोघरचे एलईडी दिवे, मोबाइलचे स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, सौर पॅनेलची हलक्या प्रतीची उपकरणे यांतून रेडिओलहरींचा एक अखंड खरखराट बाहेर पडतो. तो कोणाच्या वीजबिलात येत नाही, त्याचा पंचनामा होत नाही. गायरानावर कोणी कुंपण घातले नाही. आसपासच्या प्रत्येक घराने आपली सांडपाण्याची मोरी तेवढी त्यावर सोडली आहे. कारखान्याच्या धुराचे उदाहरण आम्ही वर्गात पंचवीस वर्षे देत आलो. यापुढे चार्जरचेही द्यावयास हरकत नाही. दुसरी बाजू गृहनिर्माण संस्थांची. गच्चीवर तार बांधू म्हटले की सभासदांना वीज पडण्याची, किरणोत्सर्गाची आणि इमारतीची शोभा जाण्याची एकाच वेळी चिंता वाटू लागते. त्याच गच्चीवर भाडे मिळते म्हणून मोबाइल कंपनीचा मनोरा उभा राहतो, तेव्हा या चिंता कोठे जातात?

हॅम मंडळींचेही काही चुकते. पुष्कळांचे संभाषण संकेतनाम, संकेताची प्रत आणि निरोप यापलीकडे जात नाही. स्पर्धांत तर प्रत ऐकण्याआधीच उत्तम म्हणून सांगून टाकतात. अलीकडे एफटी८ नावाची पद्धत आली आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर हे तिच्या जनकांपैकी एक, आणि ते स्वतः विद्यार्थिदशेपासून हॅम. गोंगाटाखाली बुडालेला संकेतही ती उचलते, हे तिचे सामर्थ्य अद्भुत आहे. पण दोन संगणक एकमेकांना ओळखून निरोप घेतात आणि माणसे चहा पितात, यास संभाषण म्हणावे का, हा वाद त्यांच्यातच रंगलेला असतो. जपानमधील केंद्रांची संख्या आता चार लाखांच्याही खाली आली आहे. आपल्याकडे ती मुळात कधीच फार नव्हती.

महाराष्ट्रात हौशी विज्ञानाची परंपरा दुबळी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला, आणि त्याचे काम होते हौशी रेडिओवाल्यांचे निरोप एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी देण्याचे. त्याआधी २००५ साली गेलेला ‘हॅमसॅट’ नऊ वर्षे चालला. त्यातील दोन संदेशवाहकांपैकी एक हॉलंडमधील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने बनविला होता. २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकातून मेघालय व आसामच्या शाळकरी मुलांशी बोलले तेही हौशी रेडिओवरून, शिलाँगच्या केंद्रातून.

हे सर्व अभियांत्रिकी शाखेपुरते राहू देऊ नये, एवढीच या लेखकाची सूचना आहे. आमच्या तालुक्याच्या ठिकाणच्या कला-वाणिज्य महाविद्यालयांत भाषा प्रयोगशाळा आहेत, संगणककक्ष आहेत, मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी रंगविलेल्या भिंती आहेत. त्या खर्चाच्या एका कोपऱ्यात एक क्लब-केंद्र बसते: एक संच, एक बॅटरी, गच्चीवर वीस मीटर तार आणि परवाना असलेला एक शिक्षक. मर्यादित श्रेणीच्या परीक्षेस मोर्स लागत नाही. रेडिओचे प्राथमिक तत्त्वज्ञान आणि नियम असे दोन भाग असतात, आणि विज्ञान शाखेचे नसलेल्यांनाही ते महिना-दोन महिन्यांच्या अभ्यासाने जमते. सर्वसाधारण श्रेणीसाठी मोर्स शिकावा लागतो. तारखात्याने २०१३ साली तार बंद केली आणि ती कडकट्ट भाषा तर तेथून त्याच्या आधीच गेली होती. ती ज्यांना अजून येते त्यांत निवृत्त तारमास्तर आहेत, आरमारातून परतलेले लोक आहेत आणि हे हॅम आहेत. त्यांना महाविद्यालयात बोलवावे. अर्ज आता संगणकावरून करता येतो. परीक्षेस बसण्याचे किमान वय बारा वर्षे आहे.